चेनप्लेटभोवतीची गळती

चेनप्लेटभोवतीची गळती हा फायबरग्लासच्या जुन्या शिडाच्या नौकांमध्ये वारंवार आढळणारा दोष आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या तारांचे खालचे टोक ज्या धातूच्या पट्टीला जोडलेले असते, तिला चेनप्लेट म्हणतात. अनेक नौकांत ही पट्टी डेकमधील अरुंद खाचेतून खाली जाते व केबिनच्या आडभिंतीला बोल्टने जखडलेली असते.

कारण आणि धोका

शिडात वारा भरला की पट्टीवर ताण येऊन ती किंचित हलते आणि खाचेतील सीलंट सुटते. १९५९ साली बाजारात आलेल्या 'पिअर्सन ट्रायटन'सारख्या नौकांचे डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बसवलेले बाल्सा लाकूड. खाचेतून शिरलेले पाणी प्रथम या लाकडात मुरते. केबिनमध्ये थेंब दिसेपर्यंत ते बरेचदा कुजू लागलेले असते. अशा जागी ठोकले असता बोदा आवाज येतो.

मात्र ओल्या गादीवरून या गळतीचे गांभीर्य ठरवणे चुकीचे आहे. स्टेनलेस स्टीलचे गंजापासून रक्षण करणारा पातळ थर टिकण्यास प्राणवायू लागतो. डेकच्या जाडीत, साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही. तेथे पट्टी न दिसता गंजते, तिला तडे जातात आणि भर वाऱ्यात ती तुटल्यास डोलकाठी कोसळू शकते. त्यामुळे वरून नवे सीलंट लिंपणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने दोष फक्त झाकला जातो.

दुरुस्ती

नौका धक्क्याला असताना, शीड चढवण्याच्या दोराने डोलकाठीला आधार देऊन एका वेळी एकच पट्टी काढतात. डेकच्या पातळीवरील भाग व बोल्टची छिद्रे भिंगाखाली तपासतात; तडा किंवा खोल खड्डे आढळल्यास पट्टी बदलावी लागते. खाचेभोवतीचे कुजके लाकूड कोरून, पोकळी पूर्ण वाळवून तीत दाट इपॉक्सी भरतात आणि ते घट्ट झाल्यावर खाच नव्याने कापतात. यापुढे गळती झालीच, तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. ओलसर लाकडावर घाईने इपॉक्सी भरल्यास मात्र सारे श्रम वाया जातात.

खाचेची वरची कड तिरपी घासून तेथे ब्यूटाइलची पट्टी दाबतात व वर झाकणपट्टी बसवतात. ब्यूटाइल वर्षानुवर्षे लवचीक राहते. सिलिकोनचा अंश उरल्यास पुढचे सीलंट चिकटत नाही, तर तीव्र चिकटणाऱ्या पॉलियुरेथेनमुळे पुढील तपासणीसाठी पट्टी काढणे अवघड होते. उन्हात ब्यूटाइल दबून बाहेर येते, म्हणून झाकणपट्टीचे स्क्रू काही दिवसांनी पुन्हा आवळतात.