परसातील माका आणि त्याची पारख

भृंगराज तैलासाठी ताजा स्वरस हवा, आणि बाजारात त्याची खात्री नसते. म्हणून आम्ही परसातच माका लावतो. सूर्यफुलाच्या कुळातील ही वर्षायू वनस्पती उष्ण हवेत ओलाव्यावर फोफावते. न्हाणीच्या पाण्यावरही ती वाढते, परंतु औषधासाठी साबणाचे पाणी टाळावे. सूक्ष्म बियांना उगवण्यास उजेड लागतो. त्या मातीवर नुसत्या भुरभुराव्यात. खरी अडचण ओळखीची आहे. पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी शोभेची वेडेलिया माका समजून आणली जाते. ती मूळची उष्ण अमेरिकेतील. आपल्या माक्याची फुले पांढरी असतात. संशय आल्यास ताजी पाने तळहातावर चोळावीत. माक्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो. तसे न झाल्यास ती वनस्पती तैलपाकात मुळीच घेऊ नये.