चित्रातले जहाज समुद्रात कसे उतरले?

परभणी जिल्ह्यातल्या शाळांची सहल कधीतरी अजिंठ्याला जातेच. तिथल्या क्रमांक २ च्या लेण्यात ५ व्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उभट शिडे, सुकाणूची वल्ही आणि रांजण. विद्यार्थ्यांना तिथेच विचारावे : एवढ्यावरून हे जहाज बांधता येईल का?

जुनी नाव प्रत्यक्ष हाती असेल, तर काम सोपे होते. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांच्या ‘कयाक’ नावाच्या अरुंद होड्या ध्रुवप्रदेशात गेलेल्या प्रवाशांनी युरोपात नेल्या. त्या आजही संग्रहालयांत आहेत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा, वाद्यांनी बांधलेले सांधे, वरून सीलचे कातडे. कातडे फाटले असेल, तर अभ्यासकाचा फायदाच! आतल्या फासळ्यांमधले अंतर आणि बांधणीच्या गाठी त्याला नीट पाहता व मोजता येतात.

अजिंठ्याच्या जहाजाचा असा सांगाडा उरलेला नाही. चित्रावरून घडण कळते. पण मापे मिळत नाहीत आणि फळ्या एकमेकींना कशा जोडल्या, हेही दिसत नाही. ती उणीव कारागिरांनी भरून काढली. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्याची विद्या केरळात अजून जिवंत होती. बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात असे जहाज बांधले गेले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्याचा तळकणा ठेवला गेला. लाटांत ते कसे वागेल, याची तपासणी मद्रासच्या आय.आय.टी.त लहान प्रतिकृतीवर झाली. खिळ्याने जखडलेला सांधा ताठ असतो. शिवलेला सांधा लाटेच्या माराने किंचित लवतो. कयाकच्या वाद्यांचेही तत्त्व हेच.

मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने जहाज नौदलात आले. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते शिडांच्या बळावर मस्कतला पोचले.

म्हणजे चित्र घडण सांगते, वस्तू माप सांगते आणि रीत मात्र हातात राहते. हात थांबले की ती हरवते.

आपल्या गावातही हा अभ्यास करता येईल. एखादी जुनी लाकडी चाकांची बैलगाडी शोधा. विद्यार्थ्यांकडून चाकाचा व्यास, तुंब्याची जाडी, आऱ्यांची संख्या मोजून घ्या आणि प्रमाणात आकृती काढा. मग गावच्या सुताराला विचारा, लोखंडी धाव तापवूनच का चढवतात? उत्तर पट्टीने मिळणार नाही. ते सांगणारा माणूस आहे, तोवरच लिहून ठेवा.