दैनंदिन आहारातील मीठ व रक्तदाब : एक दृष्टिक्षेप

शरीरास सोडियमची आवश्यकता असते. मात्र ते अधिक झाल्यास शरीरात पाणी साठून रक्ताचे आकारमान व पर्यायाने रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांची हानी मात्र होत राहते. म्हणून प्रौढांनी रक्तदाब नियमित तपासून घेणे अगत्याचे ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. यात भाजी-आमटीतील मिठाबरोबरच लोणचे, पापड, फरसाण व पाव यांतील मीठही मोजावे लागते. सैंधव मीठ निर्धोक असल्याचा समज आढळतो. परंतु तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराईडच होय. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

सारांश, मीठ सर्वस्वी वर्ज्य करणे येथे अभिप्रेत नाही. ताटात वरून मीठ घेणे टाळावे, लोणचे-पापड मर्यादित ठेवावेत आणि लिंबू, कोकम, कोथिंबीर यांनी चव राखावी. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत होते.