घरचे एस्प्रेसो-यंत्र : स्वस्त की मध्यम किमतीचे?

आपल्या घरांतून कॉफी ही फार दिवसांच्या ओळखीची आहे. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यापुढे जायफळ घातलेली, दुधातील गोड कॉफी ठेवावयाची, ही रीत बडोद्यास तशीच इंदुरास. बेळगावकडे शेजाराच्या संगतीने फिल्टरही स्वयंपाकघरात आला. आता या दोघींच्या जोडीला एस्प्रेसो ही इटालियन पाहुणी येऊन बसली आहे, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला आहे. घरी यंत्र घ्यावयाचे तर १०-१५ हजार रुपयांचे स्वस्त घ्यावे, की ५० हजारांच्या घरातले मध्यम किमतीचे? बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला हा फरक लहान नाही. म्हणून श्रोतेहो, या दोन यंत्रांत खरा भेद कोठे आहे आणि कोठे तो केवळ भासतो, एवढेच आज पाहू.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी असेच एक स्वस्त यंत्र घेतले आणि दुकानातील तयार पूड त्यात भरली. कपावर फेस भरपूर आला. चव मात्र पाणचट आणि आंबट. आठवडाभर खटपट केली, यंत्राला बोल लावला आणि ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. मुलगा म्हणाला, "बाबा, आणखी थोडे पैसे घातले असते तर ही वेळ आली नसती." मलाही ते पटले आणि महागड्या यंत्राची चौकशी सुरू झाली. इतक्यात शेजारच्या वहिनींनी कॉफीचे दाणे दळण्याचे, हाताने फिरवावयाचे एक लहान यंत्र चार दिवस वापरावयास दिले. माळ्यावरचे यंत्र खाली आले, आणि त्याच यंत्रातून प्रथमच पिण्याजोगी कॉफी उतरली. दोष यंत्रात नव्हता, दळणात होता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी एस्प्रेसो म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. बारीक दळून, दाबून बसविलेल्या कॉफीतून ९० ते ९५ अंश सेल्सिअस तपमानाचे पाणी, हवेच्या दाबाच्या सुमारे ९ पट दाबाने, २५ ते ३० सेकंदांत पार करावयाचे, ही तिची कृती. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेत्सेरा यांनी अशा यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा सारा भार वाफेवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्या यांच्या तरफेच्या यंत्राने दाब पुष्कळ वाढविला आणि कपावर तांबूस साय धरू लागली. तिलाच क्रेमा म्हणतात. १९६१ च्या फाएमा ई-६१ या यंत्राने तरफेचे काम विजेच्या पंपावर सोपविले.

आता यंत्रांकडे वळू. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर '१५ बार' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्याला भुलते. हा आकडा पंपाची कमाल शक्ती सांगतो. कॉफीला हवा असतो तो सुमारे ९ बारचा दाब. म्हणून १५ पेक्षा २० बरे, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

खरा भेद उष्णतेचा आहे. स्वस्त यंत्रात बहुधा पाणी धातूच्या एका अरुंद मार्गातून जाता जाता तापते. ते मिनिटाभरात तयार होते, पण तपमान वर-खाली होते. मध्यम यंत्रांपैकी पुष्कळांत जाड धातूचा बॉयलर असतो, आणि काहींत तपमान नेमके राखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणही असते. भाकरी करणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगावयास नको. पातळ तवा लवकर तापतो आणि भाकरी पडताच निवतो; बिडाचा तवा तापावयास वेळ घेतो, पण धग धरून ठेवतो.

दुसरा भेद कॉफी भरण्याच्या जाळीदार वाटीचा. स्वस्त यंत्राबरोबर दुपदरी तळाची वाटी मिळते. तिच्या खालच्या पदराला एकच बारीक छिद्र असते, त्यामुळे कसल्याही पुडीवर फेस येतो. तो फेस म्हणजे क्रेमा नव्हे. एकपदरी वाटीत मात्र पाण्याला अडवावयाचे काम दळणालाच करावे लागते. दळण भरड असेल तर पाणी दहा सेकंदांत निसटते आणि कॉफी आंबट होते. फार बारीक असेल तर थेंब थेंब उतरून कडू होते. मिक्सरच्या पात्याने दाण्यांचा भुगा होतो, दळण होत नाही. त्यासाठी जात्याच्या तळ्यांप्रमाणे दोन दातेरी भागांत दाणा भरडणारे ग्राइंडरच हवे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, यंत्र आणि ग्राइंडर यांचा हिशेब एकत्र मांडावा. सारे पैसे मध्यम यंत्रात घालून तयार पूड आणण्यापेक्षा एकपदरी वाटी बसणारे साधे यंत्र आणि चांगले ग्राइंडर घेणे केव्हाही शहाणपणाचे. दाणे भाजल्याची तारीख पाहून घ्यावेत आणि महिन्या-दीड महिन्यात संपवावेत. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली की दळण जमले असे समजावे.

मग मध्यम यंत्र कोणी घ्यावे? जो रोज बिनदुधाची कॉफी पितो, ज्याच्या जिभेला कालच्या आणि आजच्या कपातील फरक कळतो, आणि ज्याला दहा वर्षे टिकणारी वस्तू हवी आहे, त्याने. या वर्गातील गाज्या क्लासिक १९९१ पासून आणि रांचिलिओ सिल्व्हिया १९९७ पासून चालत आलेली आहेत. त्यांचे सुटे भाग मिळतात, रबरी कडे झिजले तर तेवढेच बदलता येते. पण एक अडचण ध्यानात ठेवावी. एकच बॉयलर असलेल्या यंत्रात कॉफीनंतर दुधासाठी वाफ हवी तर थांबावे लागते, आणि पुढच्या कॉफीसाठी ते पुन्हा निववावे लागते. सहा पाहुण्यांना दुधाची कॉफी द्यावयाची तर यजमान स्वयंपाकघरातच अडकून पडतो. आणि ज्या घरात दूध-साखरेचीच कॉफी आवडते, तेथे आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली प्रचारात आणलेले, शेगडीवर ठेवावयाचे मोका-पात्र अल्प खर्चात काम भागवील.

शेवटी पाण्याविषयी. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने बॉयलरच्या आत पुट चढते आणि महाग यंत्रही निकामी होते. तेव्हा पाणी गाळलेले आणि कमी क्षारांचे वापरावे, पुट वेळोवेळी काढावे, आणि आपल्या गावी दुरुस्तीची सोय आहे की नाही हे विकत घेण्याआधीच विचारावे.

आमच्या घरी अजून तेच स्वस्त यंत्र आहे. वहिनींचे ग्राइंडर परत केले आणि तसेच एक विकत घेतले. मुलगा आता मोठ्या यंत्राचे नाव काढीत नाही. सकाळी उठून तोच दाणे दळतो.