रोहित पाहायचे तर आधी तिथी पाहा

मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मुक्कामाला असतात. ऐरोली आणि वाशी या पुलांमधला पश्चिम काठाचा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला ‘रामसर’ दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख, मिळाली. तरीही कितीतरी जण नुसता चिखल पाहून परत येतात, कारण ते रविवार बघून निघतात, भरती बघत नाहीत.

म्हणून मैत्रिणीला किंवा मित्राला फोन करण्याआधी कालनिर्णय उघडा. कोकणकिनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, दशमीला साडेसात. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि दिवसातून दोनदा. यात तासाभराचा फरक पडू शकतो, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते. त्यामुळे दिवस ठरला की भरतीच्या छापील तक्त्याशी वेळ ताडून घ्या.

आता ही वेळ महत्त्वाची का? रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळतात आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. पूर्ण ओहोटीला थवे दूरवर पांगतात आणि होडीला पाणी पुरत नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे सरकतात. पाणी चढत किंवा उतरत असतानाचे दोनएक तास आपले.

पुढचा प्रश्न कोणत्या काठावर जायचे हा. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून होडीची फेरी निघते. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोली स्थानक गाठता येते. फेरीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून जागा आधी राखून ठेवा. उशीर झाला तर होडी थांबत नाही. पाणीच थांबत नसते.

दुसरी जागा भांडुप उदंचन केंद्राच्या बाजूची, रिक्षावाल्यांच्या भाषेत ‘पंपिंग स्टेशन’. हा पश्चिम काठ आहे. इथे सकाळी ऊन थेट डोळ्यांत येते आणि पक्षी नुसते काळे दिसतात. इथे दुपारनंतर जावे, म्हणजे तृतीया ते पंचमीच्या आसपासचा दिवस धरावा. सकाळच सोयीची असेल तर पूर्व काठावरचे ऐरोली. मग दशमी ते त्रयोदशी पाहा.

दोघांत एक दुर्बीण पुरते. एकाने दुर्बिणीतून पाहावे, दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी काठ न्याहाळावा. तिवरांच्या मुळांशी चिखलावर उड्या मारणारे निवटे, लांब लाल पायांचे शेकाटे, चित्रबलाक हे सगळे त्या दुसऱ्यालाच आधी दिसतात. कांदळवनात कोल्हेही राहतात; नशीब असेल तर एखादा दिसतो.

बहुतेक थवा धाकट्या रोहितांचा असतो: ठेंगणे, गडद चोचीचे. उंच, जास्त पांढरे, काळ्या टोकाच्या गुलाबी चोचीचे ते मोठे रोहित. राखाडी पक्षी दिसले तर ती वेगळी जात समजू नका, ती अजून वयात न आलेली पोरे आहेत. गुलाबी रंग अन्नातून हळूहळू चढतो.

चिखलात मात्र उतरू नका, एका पावलात गुडघाभर पाय रुततो.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. उडता थवा फोटोत छान दिसतो, म्हणून लोक होडी जवळ न्यायला लावतात. एकदा उडालेला थवा खाणे सोडून जातो, आणि याच खाण्याच्या बळावर त्यांना पुढे कच्छच्या रणाकडे परतायचे असते. पक्ष्यांनी माना वर केल्या की आपण पुरेसे जवळ आलो आहोत. तिथेच थांबायला नावाड्याला सांगा, आणि होडीत बसतानाच सांगा.