ऑफिसचं दार उघडलं, पण घराचं काय?

गेल्या रविवारी दुपारची झाकपाक करून मी वह्या तपासायला बसले होते, तोच माझी धाकटी नणंद हातात कागद घेऊन दारात उभी! "वहिनी, तू शाळेत शिकवतेस ना? मग हे जरा नीट मांडून दे."

झालं होतं असं, की पुन्हा कधी साथ आलीच तर काम कसं चालवायचं आणि माणसं परत कशी बोलवायची, याची योजना आधीच करून ठेवायचं तिच्या फोर्टमधल्या ऑफिसात ठरलं आहे. त्यासाठी सगळ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. "२०२० साली कुणी विचारलं नव्हतं. आता विचारताहेत, तर सोडायचं नाही!" असं म्हणून तिनं पिशवीतून त्या वर्षाचं जुनं कॅलेंडरच काढलं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी बसच्या रांगेच्या वेळा लिहिलेल्या होत्या. चहा घेता घेता आम्ही एकेक पान उलटत गेलो, आणि विसरलो असं वाटत होतं ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

तुम्हालाही आठवत असेल. मार्चमध्ये सारं बंद झालं आणि ८ जून २०२० पासून आपल्याकडे खाजगी ऑफिसांना दहा टक्के किंवा दहा माणसं, यांपैकी जी संख्या जास्त असेल तेवढ्यांनिशी काम सुरू करायची परवानगी मिळाली. सप्टेंबरपासून ती तीस टक्क्यांवर गेली. केंद्राच्या आरोग्य खात्यानं ४ जूनला ऑफिसांसाठी नियमावलीही काढली होती. दाराशी ताप तपासा, तोंडावर मास्क हवाच, दोघांत सहा फूट अंतर ठेवा, वातानुकूलन २४ ते ३० अंशांवर ठेवून बाहेरची हवा आत येऊ द्या, असं सगळं त्यात होतं. नणंदेच्या ऑफिसनं ते अगदी मनापासून पाळलं. टेबलं लांब झाली, फरशीवर फुल्या उमटल्या, दारात सॅनिटायझरची बाटली आली. नावं ठेवायला जागा नव्हती.

पण ही योजना ऑफिसच्या दारापासून सुरू होत होती. आपला दिवस मात्र पहाटे पाचला ओट्यापाशी सुरू होतो! डोंबिवली ते फोर्ट हे अंतर त्यात कुणी धरलंच नव्हतं. १५ जूनपासून लोकल सुरू झाल्या, त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बाकीच्यांना बसचाच आधार. साडेपाचला डबा भरून निघायचं, रांगेत तास-दीड तास उभं राहायचं. ऑफिसात सहा फुटांचं अंतर, आणि तिथवर पोचेपर्यंत खांद्याला खांदा!

नवरात्रात, २१ ऑक्टोबरला, बायकांना लोकलनं जायची मुभा मिळाली तेव्हा आम्हाला वाटलं, देवीच पावली. मग वेळा वाचल्या. सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. ऑफिस दहाचं! अकराची गाडी धरली तर टेबलाशी पोचेपर्यंत साडेबारा, आणि सातनंतर निघून घरी यायला नऊ. त्यात मुलांना बरोबर न्यायलाही बंदी.

मुलांवरून आठवलं. ऑफिसं जून २०२० मध्ये किलकिली झाली, पण मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा उघडल्या त्या १५ डिसेंबर २०२१ ला. मधल्या दीड वर्षात लहान मुलं कुणी सांभाळायची, याचं उत्तर ऑफिसच्या परिपत्रकात नव्हतं. मी तेव्हा मोबाईलवरून तिसरीच्या मुलांना शिकवत होते. पडद्यावर पोरांच्या मागे आजी दिसायची, कधी नुसतीच भिंत. माझी भाची दुसरीत होती. तिला तिच्या आजीपाशी ठेवायचं, तर आजींचं वय सत्तर आणि त्यातून साखरेचा त्रास. नणंद घरी आली की आधी न्हाणीघरात जायची आणि मगच लेकीला जवळ घ्यायची.

तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची गोष्ट मात्र ऐकवत नाही. मुलगा चार वर्षांचा, पाळणाघर बंद, सासूबाई गावी अडकलेल्या. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. उत्तर आलं, "सगळ्यांना एकच नियम." जानेवारी २०२१ मध्ये तिनं बारा वर्षांची नोकरी सोडली. नियम एकच होता हो, पण घरं एकसारखी थोडीच होती?

मालकांचीही अडचण होती, हे मी नाकारत नाही. जागेचं भाडं थांबत नव्हतं, गिऱ्हाईकं खोळंबली होती, आणि सरकारी आदेश महिन्यागणिक बदलत होते. पण जे हातात होतं, ते तरी विचारता आलं असतं.

लसीचंच पाहा. दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल खुली झाली, आणि ऑफिसनं सप्टेंबरपासून सगळ्यांना हजर व्हायला सांगितलं. नणंद तेव्हा चौतीस वर्षांची. तिच्या वयोगटाची पाळीच उशिरा आली. पहिला डोस जुलैअखेर मिळाला. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, त्यावर आणखी चौदा दिवस. म्हणजे पास मिळेतो दिवाळी उलटली! हा हिशेब बोटांवर होण्यासारखा होता. कुणी केला नाही, इतकंच.

तर त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ज्या सूचना लिहिल्या, त्या इथे देते. तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या ऑफिसात असा विषय निघाला, तर उपयोगी पडतील.

१. बोलावण्याआधी प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. कशानं येणार? घरी लहान मूल किंवा आजारी, वयस्क माणूस आहे का? त्यांना कोण सांभाळणार? घरून करता येण्याजोगं तुमचं काम कोणतं?

२. ऑफिसची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवा. गाडी अकराला असेल, तर दहाच्या हजेरीवर लाल शेरा मारू नका.

३. दोन तुकड्या करून दिवस आधीच ठरवून द्या. आदल्या रात्री निरोप आला, तर बाईला घरची सोय लावता येत नाही.

४. आजारी माणसानं घरी राहावं असं वाटत असेल, तर त्याचा पगार कापू नका. नाहीतर माणूस तापाची गोळी घेऊन कामावर येतो. प्रतिबंधित क्षेत्रात राहणाऱ्यांचे दिवस रजेत धरू नयेत, असं २०२० च्या नियमावलीतही होतं.

५. गरोदर बायका, वयस्क आणि जुने आजार असलेले यांना गर्दीशी संबंध येईल असं काम देऊ नका.

६. खिडक्या उघडा. फवारणीवर तेव्हा फार खर्च झाला. पुढे कळलं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो.

७. पाळणाघराचा विचार आधी करा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ही सोय कायद्यानंच सांगितली होती. साथीत पाळणाघर बंद ठेवावं लागलं, तर त्या आयांना घरून काम द्या.

कागद पुरा झाल्यावर नणंदेनं त्या मैत्रिणीला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. ती आता घरीच शिकवण्या घेते. ऐकून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठवं घाला. ज्यांना घरच्या अडचणीपायी नोकरी सोडावी लागली, त्यांना साथ सरल्यावर परत यायची मुभा असावी. जुनी नोकरी धरून."

ते आम्ही घातलं. खरं म्हणजे पहिल्या क्रमांकावर घातलं. सोमवारी कागद ऑफिसात गेला आहे. काय होतं ते पाहू.

मैत्रिणींनो, तुमच्या ऑफिसात त्या दिवसांत काही चांगली सोय झाली होती का? की तुमच्याही शेजारचं टेबल रिकामं झालं? जरूर लिहून कळवा.