खिशातील विजेरीची परीक्षा

वीज खेड्यापाड्यांत पोहोचली, म्हणून अंधार हद्दपार झाला असे मात्र नाही. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात आषाढ लागला की एखादी फांदी तारेवर पडते आणि गावेच्या गावे काळोखात बुडतात. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. शेतकऱ्याला तेव्हा बांधावरून चालत जावे लागते. घरातील वृद्धांना रात्री एकदोनदा तरी उठावे लागते. अशा वेळी हाताशी असलेला लहानसा उजेड ही चैन नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. मण्यार तर रात्रीच हिंडते. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन दिसण्याला किती मोल आहे, हे यावरून ध्यानी यावे.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये दिवा असतोच की! असतो, परंतु त्याचा उजेड जवळच पसरतो, दूर जात नाही. भर पावसात ओल्या हाताने तो लावणे कठीण. शिवाय अडचणीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाला फोन करावयाचा तो याच यंत्रावरून. त्याची शक्ती दिव्यापायी खर्ची घालणे शहाणपणाचे नव्हे.

या विचाराने मी चार्जिंगची एक छोटी विजेरी घेतली. आपल्याकडे बोलताना हिलाच ‘बॅटरी’ म्हणतात. परंतु आतल्या सेलशी घोटाळा नको म्हणून येथे विजेरी हाच शब्द योजतो. लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर, वजन सेलसह १०० ग्रॅमच्या आत. सदऱ्याच्या खिशात ती सहज मावते. आत २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम-आयन सेल. खोक्यावर तीन दावे होते : १००० ल्युमेन उजेड, अडीच तास चालणार, २०० मीटर पल्ला. परीक्षार्थी म्हटला की त्याची उत्तरपत्रिका तपासलीच पाहिजे. मग ती तीन आठवडे तपासली.

आधी कागदावरचे गणित पाहू. सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणजे त्यात सुमारे साडेनऊ वॉट-तास ऊर्जा साठते. चांगला एलईडी दिवा एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. तेव्हा १००० ल्युमेनला १० वॉट लागणार आणि सेल तासाभरातच रिकामा होणार. मग अडीच तास आले कोठून? याचे उत्तर मोजण्याच्या रीतीत आहे. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या आणि पुढे सर्वत्र रूढ झालेल्या मानकाप्रमाणे, उजेड आरंभीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून लिहिता येतो. दावा खोटा नाही. परंतु १००० ल्युमेन अडीच तास मिळतील असा त्याचा अर्थ नाही.

पल्ल्याचेही तसेच. ज्या अंतरावर उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर म्हणजे पल्ला. २०० मीटरवर झाड आहे की माणूस एवढेच कळावे. मात्र अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. २० मीटरवर तोच उजेड शंभरपट, म्हणजे २५ लक्स भरतो. पायवाटेला एवढा पुरेसा आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. ती कोणत्याही घरी करता येते. रात्री न्हाणीघराचे दार लावून विजेरी छताकडे तोंड करून उभी ठेवावी आणि शेजारी मोबाईल ठेवून त्यातील प्रकाशमापक ॲपवर आकडे पाहावेत. आकडा अचूक नसला तरी चढउतार स्पष्ट कळतो. पूर्ण उजेडावर विजेरी तीन-चार मिनिटांत हाताला चांगलीच तापली आणि तिने आपण होऊन उजेड निम्म्याहून थोडा खाली आणला. हा दोष नव्हे. एवढ्याशा नळीतील उष्णता बाहेर टाकण्याचा तो उपाय आहे. पुढे पावणेदोन तास उजेड स्थिर राहिला, मग झपाट्याने उतरला. एकूण सव्वादोन तास भरले. मंद उजेडावर मात्र रात्री आठला लावलेली विजेरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाही जळत होती. माझ्या मते तिचे खरे गुण येथे आहेत. वीज रात्रभर गेली, तर घराला प्रखर झोत नको असतो. पहाटेपर्यंत टिकणारा सौम्य उजेड हवा असतो.

उणीव आढळली ती कळीत. एकदा दाबताच पहिला उजेड लागतो तो पूर्ण प्रखर. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात; तो सराव एका झोताने क्षणात मोडतो. मध्यरात्री उठलेल्या आजोबांना असा झोत उपयोगी पडण्याऐवजी दिपवून टाकतो. घेताना आरंभी मंद लागणारी, किंवा मागचा उजेड लक्षात ठेवणारी विजेरी निवडावी. दुसरी गोष्ट खिशातली. कळ चुकून दाबली गेली, तर विजेरी आतल्या आत तापते. माझ्या विजेरीचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले की प्रवाह तुटतो. हा साधा उपाय मुलांनाही शिकवून ठेवावा.

पाण्याविषयी खोक्यावरचे अक्षर वाचावे. ‘आयपीएक्स-४’ म्हणजे शिंतोडे सोसते. ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण नीट बसलेले असेल तरच हे खरे. ओल्या विजेरीला चार्जर लावू नये. सेल फुगला किंवा चार्ज करताना फार तापू लागला, तर तो वापरातून काढावा आणि घरच्या केरात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. सेल बाहेर काढता येणारी विजेरी बरी. सेल थकल्यावर नवा घालता येतो.

तीन आठवड्यांनंतर माझे मत असे झाले, की खोक्यावरचा मोठा आकडा हा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. मंद उजेड किती तास टिकतो, कळ अंधारात बोटाला सापडते का आणि सेल बदलता येतो का, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. उरलेला चौथा प्रश्न आपल्या घराचा. रिकामी विजेरी आणि विजेरी नसणे यांत फरक नाही. म्हणून तिची एक खुंटी ठरवावी आणि दर अमावास्येला व पौर्णिमेला तिला चार्जिंग लावावे. भिंतीवरील कालनिर्णय घरोघरी आहेच. दुसरी आठवण लागत नाही.